बागेत, बोटीवर, चिरेखाणीत कामाला आलेल्या माणसांपर्यंत फोनवरचा डॉक्टर पोचतो का? अनुभव हवेत

कातळफूल · १ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. दरवर्षी तिहार (नेपाळी दिवाळी) आटोपला की पश्चिम नेपाळातून एक जोडपं बागेत राखणीला येतं आणि मेअखेर परत जातं. गेले पाच हंगाम तीच दोघं. सगळे त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात, मी त्याला दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणते.

गेल्या जानेवारीत तुडतुड्यांची फवारणी चालू होती. दुपारी चहा घेऊन गेले तर दाजू कलमाच्या बुंध्याशी डोक्याला पंचा आवळून बसलेला. औषधाच्या वासाने डोकं चढलं असेल असं आम्हाला वाटलं. त्याची बायको म्हणाली, पंधरा दिवस रोज दुखतंय, मेडिकलमधून गोळी आणून घेतो आणि कामाला लागतो. नशिबाने त्याच दिवशी उपकेंद्रातल्या मॅडम (समुदाय आरोग्य अधिकारी) वाडीत आल्या होत्या. त्यांना हाक मारली. बीपी १९० वर ११०. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, फारसा फरक नाही.

मॅडमनी तिथेच टॅबवर ई-संजीवनी (डॉक्टरांशी दुरून बोलायची सरकारी सोय) उघडलं. वीसेक मिनिटं थांबल्यावर डॉक्टर आले. हिंदीत विचारपूस केली: छातीत दुखतं का, नजर अंधुक होते का, हातापायात मुंग्या येतात का, लघवी नीट होते का. ऍम्लोडिपिन सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, साखर आणि लघवी तपासायला सांगितलं. गोळ्या मॅडमच्याच पिशवीत होत्या. मला मनापासून बरं वाटलं. एरवी त्याचा दिवसाचा रोज बुडाला असता, वर रिक्षाचं भाडं, आणि शहरात गेल्यावर कुठल्या खिडकीशी उभं राहायचं इथपासून प्रश्न.

पण खरी अडचण पुढे आली. मार्चपासून तोडणी. दाजू पहाटे घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर, दुपारी पेट्या भरायला, संध्याकाळी टेम्पो. तो मोकळा होतो तेव्हा उपकेंद्राला कुलूप. दोन महिने गोळ्या चुकल्या आणि माझ्याही लक्षात राहिलं नाही, हे कबूल करते. मेअखेर जाताना महिन्याच्या गोळ्या आणि इंग्रजी छापलेला कागद बरोबर दिला. आता नोव्हेंबरात आला तेव्हा कळलं, गोळ्या संपल्यावर पुन्हा घेतल्याच नाहीत. बीपी १८० वर १०४.

म्हणजे फोनवर डॉक्टर मिळाला, औषधही बरोबर मिळालं, आणि तरी वर्षभरात माणूस तिथल्या तिथेच. तुमच्याकडे काय चालतं, काय अडतं, ते लिहा. मला या हंगामात हे नीट करायचं आहे.

उपकेंद्र_सडा · १ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, मी सीएचओच (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या तालुक्यात. तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे दर हंगामात घडतं.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की हा नुसता व्हिडिओ कॉल आहे. ई-संजीवनी केंद्र सरकारची सेवा, सॉफ्टवेअर मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने केलेलं. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्यासारख्या उपकेंद्रांतून वरच्या डॉक्टरांशी बोलता येतं. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० पासून, रुग्णाला घरूनही थेट डॉक्टरांशी बोलायची सोय झाली. डॉक्टरांनी फोनवरून काय द्यावं आणि काय देऊ नये, याची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. साधी औषधं कशाही बोलण्यावर देता येतात, काही पहिल्या वेळी व्हिडिओवर बघूनच, काही फक्त आधीच्या रुग्णाला पुढे चालू ठेवण्यासाठी. झोपेच्या, नशेच्या वर्गातली काही औषधं अजिबात नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो.

आता अडचण. निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, आणि साधारण १,००० लोकांमागे एक आशा. पण ही लोकसंख्या म्हणजे कोण? ज्यांचं घर रजिस्टरला आहे ते. माझ्या हद्दीत सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चार चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी आहेत. तिथल्या झोपड्यांना घर क्रमांक नाही. औषधांची मागणी मी गावच्या आकड्यावर लिहिते, त्यामुळे फेब्रुवारीपासून बीपीच्या गोळ्या महिना भरायच्या आत संपतात. त्यांना गोळी दिली की गावच्या आजीला कमी पडते. हे कुणी आम्हाला विचारत नाही.

दुसरं, रेंज. उपकेंद्र खाली वाडीत आणि रेंज वर सड्यावर. सुरुवातीला मला ही गैरसोय वाटायची. मग लक्षात आलं की कामगारही वरच आहेत. आता आठवड्यातून एकदा संध्याकाळी बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, मलेरियाचं किट आणि टॅब घेऊन मीच वर जाते. वेळ माझ्या ड्युटीत बसत नाही, पण रुग्ण त्याच वेळी मिळतात.

खाडीवारा · २ डिसेंबर, सकाळी ७:१५

आमच्या घरच्या दोन बोटी आहेत. खलाशी निम्मे नेपाळचे, तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि दोघंतिघं कर्नाटकातले. १ जून ते ३१ जुलै बंदी, बाकी वर्षभर ही माणसं समुद्रातच. बोट आठ-आठ दिवस बाहेर. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइल मुका, उरतो तो वायरलेस. तेव्हा फोनवरचा डॉक्टर बोटीपर्यंत पोचतो असं मी म्हणणार नाही. तो बंदरावर पोचायला हवा, मच्छी उतरते तिथे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या तांडेलाला साखर आहे, इन्शुलिन घेतो. बंदरावर बसून त्याने फोनवरून मोठ्या शहरातल्या डॉक्टरांशी बोलणं केलं. डॉक्टर चांगले होते, वेळ दिला. साखर कमी होत नाही म्हणून त्यांनी डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. तरी साखर ३०० च्या वर. शेवटी आमच्या वहिनीने विचारलं, “इन्शुलिन ठेवता कुठे?” तर म्हणे बर्फात. मच्छीच्या खणात, बर्फाच्या लादीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ‘थंड ठेवा’ असं सांगितलं होतं ना! पार गोठलेलं. गोठलं की ते इन्शुलिन कामातून गेलं. आता केबिनमध्ये मातीच्या छोट्या मडक्यात, ओलं फडकं गुंडाळून ठेवतो, आणि साखर खाली आली.

डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी बोट पाहिलेली नाही, ते कसं विचारणार? म्हणून बंदरावर फोन लावून देणारा माणूस बोट माहीत असलेलाच हवा.

कातळफूल · २ डिसेंबर, दुपारी १:३०

खाडीवारा, बर्फाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आणि उपकेंद्र_सडा ताई, तुम्ही एकट्या एवढं ओढताय, खूप आदर वाटतो. एक विचारते. आमच्या दाजूकडे आधार नाही. मॅडमनी त्याचा मोबाइल नंबर घेऊन नोंद केली, अडवलं नाही. सगळीकडे असंच असतं का? आणि ऑपरेशन वगैरे लागलं तर?

दवाखाना_काका · २ डिसेंबर, रात्री ८:५०

मी रायगडात चाळीस वर्षं दवाखाना चालवला, आता मुलगी बघते. थोडं विरोधात लिहितो, रागावू नका.

फोनवरून पोटाला हात लावता येत नाही, छाती ऐकता येत नाही. आपल्या कोकणात तर अशा गोष्टी आहेत जिथे फोनवर घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो. फुरसं (विषारी साप) चावलं तर कॉल नाही, १०८ची रुग्णवाहिका बोलवा, माणसाला चालू देऊ नका, थेट जिथे सर्पदंशाची लस आहे तिथे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींवर चालते, तेव्हा साप मारून आणायची गरज नाही. विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर तसंच. याच भागातल्या, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, म्हणून आज खेड्यातला डॉक्टर हे रुग्ण वाचवू शकतो. पण गोळी देणारा समोर लागतो. फवारणी करताना तोंडातून लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, घाम, उलटी असं झालं तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी मुद्दाम करायला लावू नका आणि औषधाची बाटली लेबलासकट बरोबर न्या. कातळफूल ताई, हे तुमच्या बागेच्या पंपघरात मोठ्या अक्षरात लावा.

पावसात महामार्गाच्या कामावरची पोरं येतात, ताप, डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देत नाहीत. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. फोनवर त्याला तापाची गोळी मिळते, तो दोन दिवस तंबूत पडून राहतो, आणि लघवी कमी झाल्यावर आणतात.

आणि मनातलं सांगतो. जिथे डॉक्टरची जागा रिकामी आहे तिथे टॅब ठेवून ‘सोय झाली’ म्हणू नये. गरिबाला फोन आणि पैसेवाल्याला डॉक्टर, असं होता कामा नये.

उपकेंद्र_सडा · २ डिसेंबर, रात्री १०:३०

काका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी जपून ठेवते. पूर्ण पटतो. तुम्ही सांगितलेल्या खुणा आम्हाला प्रशिक्षणातही शिकवतात आणि अशा वेळी मी कॉल लावतच नाही, आधी गाडी.

पण दुसरी बाजूही बघा. माझ्याकडे येणाऱ्या खाणकामगारांत असे रुग्ण थोडे. बाकी बीपी, साखर, खरूज, कंबर, लघवीची जळजळ, बायकांचं अंगावरून जाणं, लहानग्यांचा खोकला. हे वेळेत कुणीच बघत नाही म्हणून वाढतं. त्यांच्यासाठी प्रश्न ‘फोन की डॉक्टर’ असा नसतोच. त्यांच्यासमोर फोन असतो, नाहीतर मेडिकलवाल्याने सुट्ट्या बांधून दिलेल्या चार गोळ्या.

कातळफूल ताई, आधारचं: मी कुणाला परत पाठवत नाही, मोबाइल नंबरवर नोंद होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडच्या कामगारांकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, म्हणून कार्ड गावी ट्रंकेत न ठेवता बरोबर आणायला सांगा. नेपाळच्या माणसाला ते कार्ड नाही. मोठ्या आजारात तिथे मोठी फट आहे.

आता एक प्रसंग सांगते, मग झोपते. खाणीवर विजापूरकडची एक बाई. मुकादम तिला घेऊन आला, फोन त्याचा, भाषांतरही त्याचंच. डॉक्टर हिंदीत विचारायचे, तो कानडीत तिला सांगायचा, ती चार वाक्यं बोलायची आणि तो म्हणायचा, “कुछ नहीं, पेट दुखता है.” चार वाक्यांचं एक कसं झालं? मी कॉल थांबवला. मुकादमाला म्हटलं, दादा, तुम्ही जरा पाण्याचा टँकर आला का बघा. शेजारच्या झोपडीतली नववीतली मुलगी बोलावली, ती इथल्या शाळेत जाते, मराठी चांगलं येतं. तिच्यापुढेही बाई आधी बोलेना. मग हात धरून बसले. तीन महिने अंगावरून जात होतं, मधेच खूप रक्त. पोरीने मान खाली घालून सांगितलं. मला आजही वाटतं की तिच्यावर ते ओझं टाकायला नको होतं, पण दुसरं कुणी नव्हतं. त्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन ६ निघालं.

नियमातही आहे: रुग्णाने स्वतः डॉक्टरला फोन लावला तर त्याची संमती धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा सोबतच्या माणसाने लावून दिला तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. ती संमती मुकादमाच्या तोंडून घ्यायची नसते.

काजीबाग · ३ डिसेंबर, सकाळी ६:५०

होय गो ताई, बरोबर आसा तुझा. आमच्या दोडामार्गात काजीच्या बागेत बाहेरची माणसा कामाक येतत. २०१६ पासून आमच्याकडे माकडताप आसा. डिसेंबर ते मे, म्हणजे नेमको काजीचो हंगाम. गावच्या माणसाक म्हायती आसता की माकड मेलेला दिसला तर त्या वाटेन जाव नये, सांजेक अंगावरची गोचीड बघूची. भायल्या माणसाक कोण सांगता? फोनवरच्या डॉक्टराक ‘ताप’ म्हणून सांगितला तर तो मलेरिया, डेंग्यू इचारतलो. रानात गेल्लास काय, ता आमीच आधी सांगूक व्हया.

पाणंद · ३ डिसेंबर, दुपारी १२:१०

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. सगळे नेपाळ-कर्नाटकवर बोलताहात. आमच्या पेण-सुधागड पट्ट्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. स्वतःच्याच राज्यात, कधी शेजारच्याच तालुक्यात, आणि तरी सहा महिने कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत. वाडीवरची आशा ‘बाहेरगावी’ लिहिते, भट्टीकडची आशा ‘आमचे नाहीत’ म्हणते. सरकारने त्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरलंय, २०२३ मध्ये पीएम-जनमन योजनाही आली, त्यात फिरतं वैद्यकीय पथक आहे. पथक वाडीवर येतं तेव्हा वाडी रिकामी असते.

मी गेली काही वर्षं भट्ट्यांवर जाते. सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. आम्ही ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भोक पाडून, दोरीने झोपडीच्या मेढीला बांधतो. कार्ड समोर असलं की भट्टीवरून फोन लावला तरी डॉक्टरांना कळतं कुठली लस झाली, बाळाचं वजन किती होतं. नसलं की सगळं पहिल्यापासून.

क्षयरोगाचंही तसंच. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासायचाच, फोनवर खोकल्याचं औषध मागायचं नाही. निदान झालं की निक्षयचा (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक मिळतो. तो देशभर चालतो, माणूस भट्टी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर नोंद तिकडे पाठवता येते. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). सहा महिन्यांच्या औषधात माणूस दोनदा गाव बदलतो, तेव्हा तो क्रमांक त्याला पाठ हवा. मी मोबाइलच्या कव्हरच्या आत चिठ्ठी घालून देते.

दवाखाना_काका · ३ डिसेंबर, रात्री ९:२०

पाणंद ताईंचं वाचून विचार बदलला असं नाही, पण दिशा मिळाली. आमच्या वेळी एका खोकल्याच्या रुग्णाचं नाव मी तीन वर्षांत तीनदा नवीन लिहिलं होतं. तो दरवर्षी औषध अर्धवट टाकून जायचा आणि दरवर्षी मी पहिल्यापासून सुरू करायचो. चौथ्या वर्षी आला नाही.

कातळफूल ताई, तुमच्या दाजूला गोळीचं मूळ नाव लिहून द्या, कंपनीचं नाही. कंपनी तिकडे मिळणार नाही, ऍम्लोडिपिन मिळेल. आणि जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांकडून मागून घ्या, प्रवासातच आठवडा जातो.

खाडीवारा · ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या खोलीत एक टेबल आणि पडदा देण्याचं काल ठरलं. मच्छी उतरली की तास-दोन तास. वहिनी नर्सिंग शिकलेली आहे, ती बसायला तयार आहे. पहिल्यांदा सगळ्या तांडेलांची बीपी-साखर. आणि ‘औषध कुठे ठेवता’ हा प्रश्न कागदावर पहिला लिहिलाय.

कातळफूल · ६ डिसेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवसांत काय झालं ते लिहिते.

आजूबाजूच्या तीन बागायतदारांशी बोलले. एकाने आधी हात झटकले, “सरकारचं काम आहे.” सरकारचं आहेच, पण माझ्या पेट्या ज्याच्या हातांनी भरतात त्याचं डोकं दुखतं तेव्हा ते माझंही आहे. शेवटी तोही आला. शाळेच्या पडवीत दिवा आहे आणि रेंज आहे. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मॅडम टॅब घेऊन बसतील आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या वेळी पलीकडे थांबायचं कबूल केलंय. त्यांना हे लोक कोण आणि कुठल्या बागेतले ते माहीत असेल. बुधवारी तोडणी चारला थांबवायची आणि रोज कापायचा नाही, हे आम्ही चौघांनी लिहून दिलं. मॅडमच्या मागणीपत्रात जादा माणसांचा आकडा यावा म्हणून चारही बागांतल्या माणसांची यादी सरपंचांच्या सहीने दिली आहे. ती मान्य होईपर्यंत गोळ्या कमी पडल्या तर आम्ही विकत आणू. काकांच्या सूचना पंपघरात लावल्या, वर १०८.

आणि दाजूची वही. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात बीपी, तारीख, गोळीचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची. लिहिता लिहिता लक्षात आलं की नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात, मग तो इंग्रजी कागद गेल्या वर्षी का दिला आपण? ‘रक्तदाब’ लिहिलं होतं. दाजूची बायको कंदिलाशी वही धरून एकेक अक्षर वाचत गेली, तिथे अडली, मग म्हणाली, “दिदी, हामी रक्तचाप भन्छौँ.” मी खोडून रक्तचाप लिहिलं. दाजूने तिथूनच त्यांच्या गावच्या भावाला फोन लावला. गावच्या स्वास्थ्य चौकीत ही गोळी मिळते का, ते तो बघून सांगणार आहे.

बीपीचं यंत्र मी आणलंय, मॅडमनी कसं बांधायचं ते दाखवलं. आज दाजूचं १५८ वर ९६. मी पट्टा सोडवून गुंडाळायला लागले तर त्याच्या बायकोने बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि हात माझ्यापुढे धरला. पाच हंगामांत तिचं बीपी कुणी घेतलंच नव्हतं. वहीच्या मागच्या बाजूने तिचं पान सुरू केलं.